देवबागची डॉल्फिन फेरी: पाचात दीड

साताऱ्यात एका वकिलांकडे मी गेली बावीस वर्षं टायपिंग करते. आमच्याकडे बहुतेक मोटार अपघाताचे दावे. ट्रकनं उडवलेले, एसटीतून उतरताना पडलेले, उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेले. रस्त्यावर अपघात झाला की पुढं काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण ५ नोव्हेंबर २०२४ ला मालवणजवळच्या देवबागला खाडीच्या तोंडाशी होडीतून पाण्यात पडले, तेव्हा पहिली दहा मिनिटं मला काही म्हणजे काही सुचलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे. ज्यांना फक्त 'जावं का नको' एवढंच हवंय त्यांनी तारे बघावेत आणि निघावं.

होडीवाल्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात चालू आहे. सोय काय होती तेवढं सांगते. माणशी ३५० रुपये, लहान मुलाला अर्धे. आम्ही पाच जण: मी, आमचे हे, भाऊबीजेला आलेला धाकटा भाऊ, भावजय आणि नऊ वर्षांचा भाचा पिंट्या. घासाघीस करून पंधराशेला ठरलं. पाचशे क्यूआर कोडवर घेतले, हजार रोख. पावती म्हणून एक गुलाबी चिटोरं मिळालं. पुढच्या बाजूला डॉल्फिनचं चित्र, मागं बारीक अक्षरात 'पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे, मालक जबाबदार नाही'. ना मालकाचं नाव, ना नंबर. होडीत आमच्याशिवाय बेळगावचं एक नवरा-बायकोचं जोडपं आणि इचलकरंजीची कॉलेजची दोन पोरं. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आणि त्याचा पोरगेला खलाशी धरून अकरा जण. "किती जणांची होडी आहे?" म्हणून मी विचारलं. "बारा" म्हणाला. बरं म्हटलं. बारा कुठं लिहिलंय, हे विचारायचं सुचलं नाही.

लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, हे खोटं बोलणार नाही. पण कशी? मूळची नारिंगी असावीत, आता विटून भगव्या-पांढऱ्याच्या मधली. माझ्या जॅकेटचं मधलं बक्कल तुटलेलं, तिथं नायलॉनच्या दोरीची गाठ. पिंट्याला मोठ्या माणसाचंच चढवलं. "घट्ट आवळलंय ताई, काय होवचा नाय," तांडेल म्हणाला. पिंट्या पाण्यात पडला तेव्हा जॅकेट वर तरंगलं आणि पोरगं खाली राहिलं. जॅकेटचा गळा त्याच्या कानापर्यंत वर आलेला, हात वर अडकलेले, तोंड निम्मं पाण्यात. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. नंतर एकानं सोपी परीक्षा शिकवली. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे आणि दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर ते आपल्या मापाचं नाही. किनाऱ्यावर दहा सेकंदांचं काम.

डॉल्फिन दिसले. करडे, पाठीवर कुबड असलेले, दोन-दोन, तीन-तीन. तेवढा अर्धा तास फार सुंदर होता. अर्धा तारा डॉल्फिनना.

परत येताना अकराच्या सुमाराला ओहोटी लागलेली. कर्ली खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि समुद्राची लाट आत येत होती, त्यात मध्ये वाळूचा बांध. तिथं पाणी कसं उकळल्यासारखं होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. एवढ्यात शेजारच्या होडीतून कुणीतरी ओरडलं, "ते बघा, तिकडं!" आमच्या तांडेलानं होडी वळवली, लाटेला आडवी केली, आणि फोन धरलेले आम्ही सगळे एकाच बाजूला उठलो. यात आमचीही चूक आहे, नाकारत नाही. होडी कलली. मी, हे, पिंट्या आणि इचलकरंजीचा एक पोरगा, चौघं पाण्यात. हे मागच्या टोकाला बसले होते. पडता पडता त्यांचा उजवा हात इंजिनाच्या लोखंडी कैचीवर, म्हणजे ते होडीला धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर, आपटला.

तांडेलानं सगळ्यात आधी इंजिन बंद केलं. याचा अर्धा तारा त्याला देणं लागते, कारण पंखा फिरत असता तर हा रिव्ह्यू कुणीतरी दुसऱ्यानं लिहिला असता. उरलेला अर्धा त्या खलाशी पोराला. त्यानं विचार न करता उडी टाकली आणि पिंट्याला पाठीमागून धरून त्याचं तोंड वर ठेवलं. झाले दीड.

आता पुढचं. रस्त्यावर अपघात झाला की गाडी तिथंच असते. टायरच्या खुणा असतात, काचांचा चुरा असतो, बघे असतात. पाण्यावर काय राहतं? दहा मिनिटांत लाटा होत्या तशा. होडी पाऊण तासात पुढची माणसं घेऊन निघालेली मी स्वतः बघितली. बघे म्हणजे पर्यटक, ते संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या गावी. म्हणजे जे काही टिपून ठेवायचं ते आपणच, आणि किनारा सोडायच्या आधी.

पण त्याच्याही आधी माणसं. किनाऱ्याला लागल्यावर मी दोनदा डोकी मोजली. अकरा. पिंट्या खोकत होता, ओठ निळसर, रडत मात्र होता. रडणं ऐकून बरं वाटलं. बेळगावकर काका पुढं झाले आणि त्याला पालथा घालून पोट दाबायला लागले. चहाच्या टपरीवरच्या बाई धावत आल्या. "पोट दाबू नकात, तेका कुशीक निजवा." आपली घोंगडी आणून त्याच्यावर टाकली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पोट दाबून फुप्फुसातलं पाणी निघत नाही, उलट पोटातलं वर येतं आणि श्वासनळीत जातं. शुद्धीवर असेल तर कुशीवर झोपवा, ओले कपडे काढा, ऊब द्या. श्वासच चालत नसेल तर पाणी काढत बसू नका, आधी तोंडानं श्वास द्या आणि मग छाती दाबा. बुडालेल्या माणसाला हवा मिळालेली नसते, म्हणून सुरुवात श्वासापासून. त्या बाईंना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. त्यांच्या टपरीला पाच तारे. चहाचे पैसेही घेतले नाहीत.

होडीवाल्याचा आग्रह असा की पोरगं आता बरं आहे, हॉटेलवर न्या, झोपवा. भावजयही तयार झाली होती. मी नाही म्हटलं, आणि तेवढं एक मी त्या दिवशी अंतःप्रेरणेनं बरोबर केलं. सरकारी दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तेव्हा पिंट्याचा ऑक्सिजन ९३ होता. छातीत घरघर. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला, ऑक्सिजन लावला. तासाभरात ९६, दिवेलागणीला ९८. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. पाणी नाकातोंडात गेल्यावर त्रास वाढायचा असेल तर तो पहिल्या काही तासांत दिसतो: खोकला थांबत नाही, श्वास जलद होतो, मूल सुस्त पडतं, उलट्या होतात. म्हणून चार ते सहा तास नजरेखाली ठेवायचं. भावजयीनं व्हॉट्सॲपवरचं 'ड्राय ड्राउनिंग' काढलं, आठ दिवसांनी ठणठणीत मूल झोपेत जातं म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. आज रात्री लक्ष ठेवा, श्वासाला त्रास वाटला तर लगेच या, पण आठ दिवस जागत बसू नका. भावजय त्या रात्री जागलीच. आई आहे ती.

आता ज्या क्षणासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो. शेजारच्या टेबलावर यांचा हात. मनगटाच्या वर सूज, हात जेवणाच्या काटा-चमच्यातल्या काट्यासारखा वाकडा. होडीवाल्याचा माणूस आमच्या आधीच येऊन थांबलेला, मोठ्या अदबीनं. यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मग केसपेपर लिहिणाऱ्या भाऊंनी विचारलं, "कसं लागलं?" आणि आमचे हे, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही, म्हणाले, "घसरून पडलो."

मी बावीस वर्षं हे दोन शब्द टाइप करत आलेय. 'घसरून पडलो'नं किती दावे बुडाले त्याची गणती नाही. माणूस ट्रकखाली आलेला असतो, पण पहिल्या केसपेपरवर नातेवाईक घाईत काहीतरी सांगतात, आणि तीन वर्षांनी समोरचा वकील तोच कागद हातात नाचवतो. मी पुढं होऊन म्हटलं, "नाही. पर्यटकांच्या होडीतून पडले, इंजिनावर हात आपटला. वेळ अकरा. एमएलसी करा." एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. यांनी मान खाली घातली. "बरोबर आहे, होडीतून," म्हणाले. मग एमएलसी नोंदवली, दवाखान्यातूनच पोलिसांना कळवलं गेलं. त्या होडीवाल्याच्या माणसाची अदब तिथं संपली. पुढचं एक्स-रे, प्लास्टर. अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, मोडलं होतं. सहा आठवडे.

'घसरून' का म्हणालात, म्हणून रात्री विचारलं. "बिल देतो म्हणाला. आणि गरीब माणूस वाटला गं." सरकारी दवाखान्यात बिल ते कितीसं होणार होतं! पण यांच्यावर रागावता येत नाही.

संध्याकाळी भावाला दवाखान्यात बसवून मी परत किनाऱ्यावर गेले. माझा फोन झिपच्या पिशवीत होता म्हणून वाचला. यांचा तळाशी गेला (त्यांचं सिम आणि यूपीआय आधी बंद करून घेतलं, तेही विसरू नका). होडीचे फोटो काढले. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर नारळी पौर्णिमेच्या सुकलेल्या माळेखाली निम्मा झाकला होता. माळ बाजूला करून काढला. 'आयएनडी एमएच'नं सुरू होणारा, म्हणजे मासेमारीच्या होडीची नोंदणी. मासे धरायची नोंदणी वेगळी आणि पैसे घेऊन माणसं फिरवायचा परवाना वेगळा, तो महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडून लागतो, हे मला तेव्हा टपरीवर कळलं. दोरी बांधलेल्या जॅकेटचा फोटो, इंजिनाच्या कैचीचा फोटो, गुलाबी चिटोऱ्याच्या दोन्ही बाजू. बेळगावकर काकांचा आणि त्या पोरांचा नंबर सकाळीच घेतला होता. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये डॉल्फिनचा व्हिडिओ होता, होडी कलते तिथपर्यंतचा. तो जागच्या जागी मागून घेतला. नंतर मागू म्हणाल तर लोकांचे फोन बदलतात, मन बदलतं.

आणि क्यूआर कोड. पावतीवर नाव नव्हतं, पण पाचशे रुपये ज्याच्या खात्यात गेले त्याचं पूर्ण नाव माझ्या फोनमध्ये होतं. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ सकट. हजार रोख दिले त्याची मात्र कुठं खूण नाही. कोकणात रेंज नाही म्हणून रोख द्यायची सवय लागते, तरी थोडे तरी यूपीआयनं द्याच.

रात्री होडीवाला स्वतः हॉटेलवर आला. पाच हजारांची थप्पी आणि कोरा कागद. 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, नुकसान भरपाई पूर्ण व अंतिम मिळाली' एवढं लिहून द्या म्हणाला. 'पूर्ण व अंतिम' ऐकून मला हसू आलं, हे शब्द मी दिवसातून चारदा टाइप करते. हाताची एक्स-रे फिल्म ओली आहे, प्लास्टर अजून वाळायचंय आणि म्हणे अंतिम. पैसे घेतले नाहीत. तुमच्यावर वेळ आली आणि खरंच खर्चाला हवे असतील तर घ्या, पण 'दवाखान्याच्या खर्चापोटी, आगाऊ' असं लिहून घ्या. 'अंतिम' शब्दावर सही करू नका.

पोलिसांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. निवडणुकीचा बंदोबस्त होता, मतदान २० तारखेला. ठाणे अंमलदार एकटे तिघांची कामं करत होते, तरी जबाब नीट घेतला. असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या होडीतून भाडं घेऊन माणसं नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हयगयीनं होडी हाकणं म्हणजे कलम २८२. कलमं पाठ करून जायची गरज नाही, पण 'होडी', 'भाडं', 'दोरी बांधलेलं जॅकेट' आणि 'आडवी वळवली' हे शब्द जबाबात येतायत का ते वाचून बघा आणि मगच सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हक्कानं मागा. थांबायला वेळच नसेल तर गावी जाऊन जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, तो इकडं वर्ग होतो. पण पंचनाम्याला उशीर होतो. आमच्याच वेळी दुसऱ्या दिवशी हवालदार पंचनाम्याला गेले तर होडीत कोरी करकरीत बारा जॅकेटं! लेबलंसुद्धा काढलेली नव्हती. आदल्या संध्याकाळचे फोटो नसते तर मीच खोटी पडले असते.

समुद्रात असतानाच मदत हवी असेल तर ११२ आहेच, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हेही नंबर आहेत. मला त्या दिवशी यातला एकच माहीत होता.

यांच्या वैयक्तिक अपघात पॉलिसीचे पैसे मिळाले. कंपनीनं विचारलं, साहसी खेळ होता का, कारण पॉलिसीत ते वगळलेले. भाडं देऊन होडीत बसलेला प्रवासी होता, असं कळवलं, सोबत एमएलसी आणि एफआयआर. कामावर नव्हते तेवढ्या आठवड्यांचे पैसे आले. केसपेपरवर 'घसरून' राहिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार हे हल्ली स्वतःच बोलून दाखवतात.

१७ डिसेंबरला प्लास्टर काढलं. दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल ही प्रवासी बोट. नौदलाच्या बोटीची इंजिन चाचणी चालू होती, ती येऊन धडकली, १५ माणसं गेली. हे टीव्हीसमोर उजवं मनगट डाव्या हातानं धरून बसले होते. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आमच्या मालवणातही मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते. ते आम्ही जाण्याआधी वाचलं होतं, आणि तरी गाठ मारलेलं जॅकेट मुकाट घातलंच ना.

भरपाईसाठी कुठं जायचं हा माझ्याच ऑफिसात घोळ झाला. मोटार अपघात न्यायाधिकरणात होडी चालत नाही. वकीलसाहेब म्हणाले, ग्राहक आयोग. पैसे देऊन सेवा घेतली, सेवेत त्रुटी. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मालवणला खेटे नाहीत, साताऱ्यातच. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आमची तर पंधराशेच. आधी रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली, मग फेब्रुवारीत ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरली. वकील लागतोच असं नाही. माझ्याकडं फुकटचे होते, ही गोष्ट वेगळी. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर मराठीतून सांगतात.

होडीवाल्यानं उत्तरात गुलाबी चिटोऱ्याची मागची बाजू जोडली, 'मालक जबाबदार नाही'. वकीलसाहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "पार्किंगच्या पाटीसारखं आहे हे. लिहिलं म्हणून हयगय माफ होत नाही." बघू आयोग काय म्हणतो.

मागच्या आठवड्यात होडीवाल्याचा फोन आला होता. आवाज अगदी मवाळ. "ताई, तेवढा रिव्ह्यू नका टाकू. पाचही जण या, सगळं पॅकेज फ्री, बनाना राइडसकट." मी विचारलं, लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आली का?

"मागवली आसत."

येऊ देत. तोवर दीडच.